व्हर्डिक्टला मराठीत काय म्हणायचं? कोर्टातल्या एका भाषांतरकार बाईची रीत

गेल्या मार्गशीर्षात चोपड्याचा एक मुलगा माझ्याकडे आला. एका दैनिकाला तालुक्याच्या बातम्या देतो आणि रात्री इंग्रजी बातम्यांची भाषांतरं करून चार पैसे जोडतो. चेहरा उतरलेला होता. अमेरिकेतल्या एका खटल्याची बातमी त्याने मराठीत केली होती आणि मथळा दिला होता, ‘न्यायालयाने आरोपीला शिक्षा सुनावली’. मूळ बातमीत शिक्षा झालेलीच नव्हती. ज्यूरीने, म्हणजे खटला ऐकायला शपथ देऊन बसवलेल्या सामान्य माणसांनी, त्या माणसाला दोषी ठरवलं होतं, शिक्षेची तारीख पुढे दोन महिन्यांनी होती. वरून फोन आला आणि त्याला बोलणी बसली. मला म्हणाला, “ताई, व्हर्डिक्टला मराठीत म्हणायचं तरी काय? शब्दकोशात निकाल, निर्णय, निवाडा, सगळंच दिलंय.”

त्याचा प्रश्न खरा होता. मी खान्देशातल्या कोर्टांत एकोणतीस वर्षं भाषांतरकार होते. इथले मराठी कागद अपिलासाठी हायकोर्टात जायचे तेव्हा त्यांचं इंग्रजी करायचं, आणि तिकडून आलेले इंग्रजी निकाल पक्षकाराला कळतील अशा मराठीत आणायचे, हे माझं काम. या एका शब्दाने मलाही पहिली काही वर्षं चकवलं. पुढे मी एक रीत बसवली. त्या मुलाला ती दोन बैठकांत समजावली, तीच इथे लिहिते. बातमीदार, वकिलीचे विद्यार्थी, भाषांतर करणारे आणि ज्यांच्या घरात एखादा दावा चालू आहे अशा सगळ्यांच्या ती उपयोगी पडेल.

आधी शब्द फोडून बघा. तुम्हाला ‘व्हेरिफिकेशन’ माहीत आहे, पासपोर्टसाठी पोलीस घरी येऊन करतात ते. ‘डिक्टेशन’ही माहीत आहे, शाळेत गुरुजी सांगायचे आणि आपण लिहायचो. पहिल्यातला ‘व्हेर’ म्हणजे खरं, दुसऱ्यातला ‘डिक्ट’ म्हणजे सांगितलेलं. दोन्ही मूळचे लॅटिन. जोडले की झाला व्हर्डिक्ट: खरं सांगितलेलं, सत्य वचन. मध्ययुगातल्या लॅटिन कागदांत ‘वेरेडिक्टुम’ असं रूप सापडतं. इंग्लंडवर नॉर्मन राजे आले, कोर्टात फ्रेंच बोलली जाऊ लागली, तिथून तो इंग्रजीत ‘व्हर्डिट’ म्हणून शिरला, मधला ‘क’ गळूनच. पुढे पंडितांनी लॅटिन मूळ आठवून लिहिताना ‘क’ परत घातला आणि मग उच्चारातही तो आला.

यातला ‘डिक्ट’ ज्या धातूपासून आला त्याचं नातं संस्कृतातल्या ‘दिश्’शी आहे. दिश् म्हणजे दाखवणं. त्यातूनच आपले दिशा, निर्देश, उपदेश, आदेश हे शब्द झाले. म्हणजे आपल्या कोर्टाच्या निकालपत्राच्या शेवटी मध्यभागी जो ‘आदेश’ असा ठळक मथळा असतो, तो व्हर्डिक्टचा लांबचा भाऊच. मला हे कळलं त्या दिवशी मी टेबलावरची फाइल बाजूला ठेवून थोडा वेळ नुसती बसून राहिले होते.

आता हे ‘खरं’ सांगायचं कोणी? इथेच शब्दाची सगळी किल्ली आहे. व्हर्डिक्ट सांगतात ती माणसं, म्हणजे ज्यूरी. ज्यूरी या शब्दात शपथ आहे, लॅटिनमध्ये ‘जुरारे’ म्हणजे शपथ घेणं. शपथ घेतलेली माणसं जे खरं म्हणून सांगतात ते व्हर्डिक्ट. इंग्लंडच्या दुसऱ्या हेन्री राजाने ११६६ मध्ये फर्मान काढलं की प्रत्येक भागातल्या बारा भरवशाच्या माणसांनी शपथेवर सांगावं, आपल्या भागात खून, दरोडे कोणी केल्याचा संशय आहे. जमिनीच्या तंट्यातही शेजारपाजारच्या माणसांना शपथ घालून विचारत, हे शेत कोणाच्या वहिवाटीत होतं? ती माणसं बाहेरचा पुरावा ऐकायला बसलेली नसत. त्यांना गाव माहीत असे, बांध माहीत असे, बाप कोण आणि लेक कोण हे माहीत असे.

आपल्याकडे याच्याशी जवळचं काही शोधायचं तर गोतसभा आठवा. शिवकाळात, पेशवाईत वतनाचा तंटा पडला की पाटील, कुळकर्णी, शेटे, महाजन, बारा बलुतेदार एकत्र बसत. कोण खरा वतनदार हे त्यांना ठाऊक असे. त्यांचं म्हणणं लिहून त्याचा महजर होई, जिंकणाऱ्याला जयपत्र मिळे, हरणाऱ्याकडून यजितपत्र लिहून घेत. बसण्याआधी दोन्ही पक्षांकडून राजीनामा घेत, म्हणजे पंचांनी जे ठरवलं ते आम्हाला मान्य. आज आपण राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचा कागद समजतो, पण त्या शब्दात ‘राजी’ आहे, तो मुळात कबुलीचा कागद. आणि माणसांच्या बोलण्याने तंटा सुटला नाही तर दिव्य करावं लागे, म्हणजे देवाने कौल द्यावा म्हणून अंगावर घ्यायची परीक्षा. युरोपातही दिव्य होतं, तापलेलं लोखंड हातात धरायचं, पाण्यात टाकायचं. १२१५ मध्ये चर्चने आपल्या पाद्र्यांना दिव्याच्या विधीत भाग घ्यायला मनाई केली. पाद्री नाही तर दिव्य नाही. देवाचं उत्तर बंद झालं, तेव्हा इंग्लंडात त्या जागी शपथ घेतलेल्या बारा जणांचं उत्तर आलं. म्हणून आजही ज्यूरी आपल्या उत्तराची कारणं देत नाही. देव तरी कुठे कारणं देत होता?

पुढच्या शतकांत ज्यूरीचं काम बदललं, स्वतःला काय माहीत आहे ते बाजूला ठेवून फक्त कोर्टात आलेला पुरावा ऐकायचा असं झालं. पण उत्तराचं स्वरूप तेच राहिलं: दोषी किंवा दोषी नाही.

हे उत्तर किती पक्कं असतं याचा दाखला १६७० चा आहे. लंडनमध्ये विल्यम पेन आणि विल्यम मीड या दोघांवर रस्त्यात बेकायदा जमाव जमवून प्रवचन दिल्याचा खटला चालला. न्यायासनाला ते दोषी हवे होते, ज्यूरी दोषी म्हणेना. ज्यूरीला अन्न, पाणी, विस्तव न देता कोंडून ठेवलं. तरी उत्तर बदललं नाही. मग ज्यूरीतल्या माणसांनाच दंड केला. बुशेल नावाच्या एकाने दंड भरायला नकार दिला, तो तुरुंगात गेला आणि तिथून वरच्या कोर्टात गेला. मुख्य न्यायाधीश व्हॉन यांनी त्याला सोडलं आणि नियम पक्का झाला की व्हर्डिक्ट पटलं नाही म्हणून ज्यूरीला शिक्षा करता येणार नाही. यातल्याच पेनने पुढे अमेरिकेत पेनसिल्वेनिया वसवलं.

मूळ एवढं लक्षात आलं की कामाची गोष्ट सोपी होते. कुठलीही कोर्टाची बातमी हातात आली की पहिला प्रश्न विचारायचा: बोललं कोण? ज्यूरी बोलली की न्यायाधीश? दुसरा प्रश्न: कशावर बोललं? काय घडलं यावर, की आता काय करायचं यावर? घडल्याबद्दलचं उत्तर म्हणजे व्हर्डिक्ट. त्यावरून माणसाला काय भोगावं लागणार ते म्हणजे शिक्षा, ती बहुतेक वेळा न्यायाधीशाच्या हातात. या दोघांमध्ये अंतर असतं, कधी पाच मिनिटांचं, कधी महिन्यांचं. चोपड्याच्या मुलाची चूक त्या अंतरात झाली.

हे अंतर मी त्याला टिळकांच्या खटल्यावरून दाखवलं, कारण तो प्रसंग मराठी माणसाला पाठ असतो, पण त्यातला क्रम आपल्या नजरेतून निसटतो. २२ जुलै १९०८, मुंबई हायकोर्ट, रात्रीची वेळ. न्यायमूर्ती दावर आसनावर. नऊ जणांची ज्यूरी परत आली, सात विरुद्ध दोन मतांनी दोषी. हे झालं व्हर्डिक्ट. अजून शिक्षा झालेली नाही. शिक्षा देण्याआधी टिळकांना विचारलं गेलं, तुम्हाला काही म्हणायचं आहे का? त्या मोकळ्या जागेत टिळक उभे राहिले आणि म्हणाले की ज्यूरीने असं ठरवलं असलं तरी मी निर्दोषच आहे, आणि माणसांच्या व राष्ट्रांच्या नशिबावर याहून वरची सत्ता चालते. ती वाक्यं आज हायकोर्टातल्या त्या दालनाबाहेर संगमरवरावर कोरलेली आहेत. नंतर सहा वर्षं काळ्या पाण्याची शिक्षा झाली. टिळकांच्या मूळ इंग्रजी वाक्यात ‘व्हर्डिक्ट’ हाच शब्द आहे. तिथे कोणी ‘शिक्षा’ किंवा ‘न्यायालयाचा निकाल’ असं भाषांतर केलं तर वाक्याचा अर्थच बिघडतो: शिक्षा अजून झालेलीच नसताना माणूस शिक्षेला उत्तर देतोय असं होतं. टिळक ज्यूरीच्या कौलाला उत्तर देत होते.

ही मोकळी जागा आजच्या कायद्यातही आहे. सत्र खटल्यात आरोपी दोषी ठरला की त्याला शिक्षेच्या मुद्द्यावर ऐकून घ्यावं लागतं. पूर्वी ते १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम २३५ मध्ये होतं, १ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २५८ मध्ये आहे. म्हणून बातमीत ‘दोषी ठरवलं, शिक्षेवर सुनावणी अमुक तारखेला’ असं लिहायचं. दोन्ही एकाच दिवशी झालं असेल तरी दोन वाक्यं करा.

तो मुलगा म्हणाला, “पण ताई, आपल्याकडे ज्यूरी नाहीच ना?” नाही. पण होती, आणि मराठीतल्या जुन्या बातम्या, आठवणी, चरित्रं वाचणाऱ्याला हे माहीत हवं. १८९८ च्या फौजदारी संहितेखाली सरकार ज्या जिल्ह्यांसाठी आणि ज्या गुन्ह्यांसाठी ठरवेल तिथे ज्यूरी बसे. बाकी ठिकाणी सत्र न्यायाधीशाबरोबर असेसर बसत, म्हणजे मत द्यायला बोलावलेली सामान्य माणसं. माझे आजोबा चाळिशीच्या दशकात धुळ्याच्या सत्र न्यायालयात एका खटल्याला असेसर होते. त्यांच्या नावाचं समन्स आमच्या पत्र्याच्या पेटीत अजून आहे. कागद तपकिरी झालाय, घडीवर फाटलाय, पण ‘असेसर’ हा शब्द देवनागरीत हाताने लिहिलेला स्पष्ट वाचता येतो. बैलगाडीने स्टेशनपर्यंत आणि पुढे रेल्वेने ते धुळ्याला गेले, चार दिवस कोर्टात बसले. शेवटी न्यायाधीशांनी प्रत्येक असेसरला वेगवेगळं विचारलं. आजोबा म्हणाले, माझ्या मते हा पोरगा त्या रात्री तिथे नव्हता. न्यायाधीशांनी ते लिहून घेतलं आणि पोराला दोषी धरलं.

आजोबांना ते शेवटपर्यंत लागून राहिलं. आजीला म्हणत, “मग माले इचारं कसाले?” मी कोर्टात लागल्यावर मला कायद्यातलं उत्तर सापडलं. त्याच १८९८ च्या संहितेच्या कलम ३०९ प्रमाणे असेसरने द्यायचं ते मत, आणि न्यायाधीश त्याला बांधलेला नव्हता. ज्यूरीने द्यायचं ते व्हर्डिक्ट, ते न्यायाधीशाला सहज बाजूला सारता येत नव्हतं. एकाच प्रकारची गावातली माणसं, त्याच लाकडी खुर्च्या, पण एकाच्या तोंडून निघालं ते मत आणि दुसऱ्याच्या तोंडून निघाला तो कौल. भाषांतर करताना हा फरक पुसू नका. असेसरचा ‘निर्णय’ असं कुठे लिहिलेलं दिसलं तर ते चूक आहे.

सहज बाजूला सारता येत नव्हतं म्हणजे काय, ते नानावटी खटल्यात दिसतं. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातले कमांडर नानावटी यांनी प्रेम आहुजा यांना गोळ्या घातल्या. मुंबईच्या सत्र न्यायालयात नऊ जणांच्या ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी ‘दोषी नाही’ असा कौल दिला. न्यायाधीश मेहता यांना तो पटला नाही. पण ते स्वतः उठून ‘दोषी’ म्हणू शकत नव्हते. कलम ३०७ खाली त्यांना प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावं लागलं. हायकोर्टाने सगळा पुरावा तपासून दोषी ठरवलं, सुप्रीम कोर्टाने २४ नोव्हेंबर १९६१ ला ते कायम केलं. बरेच जण म्हणतात की त्याच दिवशी भारतातली ज्यूरी संपली. तसं नाही. १९७३ च्या संहितेत ज्यूरीला जागा ठेवली नाही आणि ती संहिता १ एप्रिल १९७४ पासून लागू झाली. आजही एक छोटा अंश शिल्लक आहे: पारशी विवाह आणि घटस्फोट कायदा, १९३६ खालच्या खटल्यांत न्यायाधीशाबरोबर पारशी समाजाचे प्रतिनिधी बसतात, पूर्वी सात, १९८८ च्या दुरुस्तीनंतर पाच, आणि घडलेल्या गोष्टींवरचा प्रश्न त्यांच्या बहुमताने सुटतो.

आता मराठी शब्दांकडे. आमच्या घरी उन्हाळ्यात वर्षाची दादर, म्हणजे ज्वारी, भरायची तेव्हा आई ओट्यावर सूप घेऊन बसायची. खडा वेगळा, किडका दाणा वेगळा, चांगला वेगळा. त्याला आपण निवडणं म्हणतो, आणि निवाडा हा त्याच कुळातला शब्द. दोघांचं म्हणणं सुपात घ्यायचं आणि खरं-खोटं वेगळं काढायचं. फैसला अरबीतून आला, त्याच्या मुळातही वेगळं करणं, तोडणं हाच अर्थ आहे. म्हणजे निवाडा आणि फैसला हे दोन्ही शब्द न्यायाधीशाच्या हाताचं काम सांगतात: पाखडणं, वेगळं काढणं, कारण देणं. त्यात बोलणं नाही.

बोलणं आहे ते ‘कौल’मध्ये. कौल हाही अरबीच, अर्थ बोल, वचन. सरकार रयतेला पडीक जमीन लावायला द्यायचं तेव्हा कौलनामा लिहून द्यायचं, म्हणजे दिलेला शब्द. कोकणात देवाला कौल लावतात, देवाने होय किंवा नाही एवढंच सांगायचं. निवडणुकीनंतर सगळी वर्तमानपत्रं ‘जनतेचा कौल’ लिहितात. या तिन्हीत एक गोष्ट समान आहे: ज्याला बोलायचा अधिकार आहे तो बोलला, कारण विचारायचं नाही. व्हर्डिक्टचा स्वभाव हाच. म्हणून ज्यूरीच्या व्हर्डिक्टला मी ‘कौल’ म्हणते. ‘खरं’ हा अर्धा भाग त्यात येत नाही हे मला ठाऊक आहे. पण तो भाग ज्यूरीच्या शपथेत आहे, आणि पहिल्या उल्लेखाला ‘शपथबद्ध ज्यूरीचा कौल’ लिहिलं की तोही वाचकापर्यंत पोहोचतो.

मी प्रत्यक्षात शब्द असे लावते. परदेशी खटला, ज्यूरी आहे: ‘ज्यूरीने एकमताने दोषी ठरवलं’ किंवा ‘ज्यूरीचा कौल आरोपीच्या विरोधात’. कर्ता ज्यूरीच ठेवायचा, न्यायालय नाही. आपल्या सुप्रीम कोर्टाच्या किंवा हायकोर्टाच्या बातमीत इंग्रजी पेपर सर्रास व्हर्डिक्ट लिहितात, तिथे कौल अजिबात नको, सरळ ‘निकाल’. तिथे न्यायमूर्तींनी शंभर-दोनशे पानं कारणं दिलेली असतात, त्याला कौल म्हणणं त्या पानांवर अन्याय आहे. कायद्याच्या पुस्तकी मराठीत ‘न्यायनिर्णय’ म्हणतात, दिवाणी दाव्यात त्यावरून निघतो तो ‘हुकूमनामा’, आणि अर्जांवर होतात ते ‘आदेश’. बातमीत न्यायनिर्णय लिहिलाच पाहिजे असं नाही, पण वकिलीच्या विद्यार्थ्याने हुकूमनामा आणि न्यायनिर्णय यांची सरमिसळ करू नये. न्यायनिर्णयात कारणं असतात, हुकूमनाम्यात कोणाला काय मिळालं तेवढंच.

दोन खड्डे आणखी आहेत, तिथे चांगले चांगले घसरतात. अमेरिकेत दिवाणी दाव्यालाही ज्यूरी बसते. कंपनीच्या औषधाने नुकसान झालं, भरपाई द्या, अशा दाव्यात ज्यूरीने वादीच्या बाजूने कौल दिला तर ‘कंपनी दोषी’ लिहू नका. तिथे गुन्ह्याचा खटलाच नव्हता. ‘कंपनी जबाबदार’ लिहा. दुसरा खड्डा: ज्यूरीत एकमत झालं नाही. तेव्हा कौल लागलेलाच नसतो. आरोपी सुटला असा त्याचा अर्थ नाही, सरकार खटला पुन्हा चालवू शकतं. इथे ‘ज्यूरीत एकमत होऊ शकलं नाही, खटला अनिर्णित’ एवढंच खरं.

स्कॉटलंडमध्ये तर तीन कौल होते: दोषी, दोषी नाही, आणि शाबीत नाही. तिसऱ्यानेही माणूस सुटायचाच, पण कपाळावर डाग राहायचा. २०२५ मध्ये तिथल्या संसदेने तो काढून टाकायचा कायदा केला. आपल्याकडे असा तिसरा कौल कायद्यात कधीच नव्हता, पण आपण बोलण्यात तो तयार केलाय: ‘पुराव्याअभावी सुटला’, ‘संशयाचा फायदा मिळाला’. कोर्टाच्या आदेशात ‘निर्दोष मुक्तता’ असेल तर तेच लिहा. कारण द्यायचं असेल तर पुढच्या वाक्यात द्या, मथळ्यात नको. एका निर्दोष सुटलेल्या शिक्षकाला त्याच्या गावात वर्षानुवर्षं ‘तो संशयावर सुटलेला’ म्हणून ओळखलं गेलं, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. त्याच्या मुलीच्या सोयरिकीत ते कात्रण निघालं होतं.

आता घरातल्या दाव्यापुरतं. आपल्या कोर्टात ज्यूरी नाही, पण घडलं काय याचं उत्तर निकालपत्रात असतंच, आणि ते कुठे शोधायचं हे पक्षकाराने शिकून घ्यायला हवं. यावल तालुक्यातले एक शेतकरी, आम्ही त्यांना नाना म्हणतो. केळीच्या मळ्याच्या बांधावरून चुलतभावाशी दावा, नऊ वर्षं चालला. निकालाच्या दिवशी ते आजारी होते. त्यांना फोनवर कोणीतरी सांगितलं, निकाल विरोधात गेला. तीन आठवडे माणूस अंथरुणावरून उठला नाही. मग नातवाला घेऊन माझ्याकडे आले. “ताई, मना निकाल उलटा लागना. आते काय करू?”

नातवाने ई-कोर्ट्सच्या साइटवर सोळा अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक, म्हणजे त्या दाव्याचा ओळख क्रमांक, टाकून निकालपत्र उतरवलेलं होतं. मी त्याला म्हटलं, पहिली पानं सोड, वादीचं म्हणणं आणि प्रतिवादीची कैफियत त्यात असते, ती तुम्हाला पाठ आहे. शेवटच्या पानावरही लगेच जाऊ नको. मध्ये एक तक्ता शोध, डाव्या बाजूला ‘मुद्दे’, उजव्या बाजूला ‘निष्कर्ष’. सापडला. पहिला मुद्दा, वादीने मालकी शाबीत केली का? होकारार्थी. दुसरा, प्रतिवादीने बांध कोरून अतिक्रमण केलं का? अंशतः होकारार्थी. तिसरा, वादी नुकसानभरपाईला पात्र आहे का? नकारार्थी. चौथा, काय आदेश? अंतिम आदेशाप्रमाणे.

हा तक्ता म्हणजे आपल्या कागदातलं व्हर्डिक्ट. ज्यूरी असती तर तिने एवढंच सांगितलं असतं. त्याच्या खाली ‘कारणमीमांसा’ सुरू होते, ती न्यायाधीशाची, आणि अपील करायचं तर भांडण तिथे असतं. मग ‘आदेश’: दावा अंशतः मंजूर. नाना मालक ठरले होते, अतिक्रमणाचा काही भाग परत मिळणार होता, फक्त भरपाईचे पैसे नाकारले होते. मी एकेक ओळ मोठ्याने वाचली. दुसऱ्या ओळीला त्यांनी नातवाला थांबवलं आणि म्हणाले, “परत वाचाले लाव.” मी परत वाचली.

फौजदारी निकालातही असाच तक्ता असतो, फक्त तिथे प्रश्न असतो ‘सरकार पक्षाने शाबीत केलं का?’ असा. शाबीत करायचं ओझं कोणावर आहे ते त्या वाक्यातच दिसतं. आरोपीने काय शाबीत केलं हे त्या तक्त्यात सहसा नसतं.

नानांना भरपाईसाठी अपील करायचं होतं. इथे दिवस मोजावे लागतात. दिवाणी हुकूमनाम्यावर जिल्हा न्यायालयात अपिलाला ३० दिवस, हायकोर्टात ९० दिवस. फौजदारीत शिक्षेविरुद्ध सत्र न्यायालयात ३० दिवस, हायकोर्टात ६० दिवस, फाशीच्या शिक्षेला मात्र ३०. खान्देशातल्या तिन्ही जिल्ह्यांसाठी, जळगाव, धुळे आणि नंदुरबार, हायकोर्ट म्हणजे छत्रपती संभाजीनगरचं खंडपीठ. मोबाइलवर उतरवलेली प्रत वाचायला चालते, अपिलाला नक्कल लागते, नक्कल विभागातून शिक्क्यासह मिळते ती. ती मिळायला जे दिवस लागतात ते मुदतीत धरले जात नाहीत. म्हणून निकाल लागला की त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी नकलेचा अर्ज टाकायचा, अपील करायचं ठरलेलं नसलं तरी. आरोपीला कैदेची शिक्षा झाली असेल तर त्याला निकालपत्राची प्रत लगेच आणि विनामूल्य द्यावी लागते, ती मागून घ्या.

नक्कल हातात आली की मागच्या बाजूचा शिक्का पाहा. अर्ज केल्याची तारीख, नक्कल तयार झाल्याची तारीख, नक्कल दिल्याची तारीख. नानांनी बाविसाव्या दिवशी अर्ज टाकला, सहा दिवसांनी नक्कल तयार झाली. ते सहा दिवस बाजूला ठेवून आम्ही शाईच्या पेनाने कागदाच्या कडेला उरलेले दिवस लिहिले, आठ. पाचव्या दिवशी वकिलांनी अपील दाखल केलं, फक्त तिसऱ्या मुद्द्यावर.